नाना डेर्ले आणि टेलचं पाणी

नाना डेर्ले कुणाला नमस्कार करत नसत. ते सरळ मनगट धरत. आम्ही इंदिरानगरच्या या सोसायटीत राहायला आलो त्या दिवशी सामानाचा टेम्पो अजून खाली उभा होता. आमचे हे एका हातात मिक्सर आणि दुसऱ्या हातात देवांचा डबा घेऊन जिना चढत होते. दुसऱ्या मजल्यावर पांढरा बनियन आणि खाकी हाफपँट घातलेल्या एका उंच, शिडशिडीत माणसाने त्यांना अडवलं, देवांचा डबा काढून माझ्या हातात दिला, मोकळ्या झालेल्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. मला वाटलं, हा सोसायटीचा काही नियम असेल. जरा वेळाने डोळे उघडून ते माझ्याकडे वळले. "मॅडम, यांच्या चारीत गाळ हाय. तूप बंद करा." आणि मग ओळख करून दिली, "मी रंगनाथ डेर्ले. समोरच राहतो. साखर लागली तर मागायला येऊ नका, आमच्याकडं नसती."

नाना पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. मूळ गाव सायखेडा, गोदावरीच्या काठचं. सगळी नोकरी मोटारसायकलवरून कालव्याच्या कडेकडेने हिंडण्यात गेलेली. त्यांचे वरचे साहेब स्वतःच्या निरोप समारंभात, गळ्यात हार असतानाच खुर्चीवरून कोसळले आणि पुन्हा उठले नाहीत. भाषण तेव्हा नानांचंच चालू होतं. त्या दिवसापासून नानांनी हार घालून घेणं सोडलं आणि हृदयाचा अभ्यास सुरू केला. साहेबांच्या जाण्यात आपल्या भाषणाच्या लांबीचाही काही हात असेल, ही शंका त्यांना कधी शिवली नाही.

हृदयाबद्दलचं त्यांचं सगळं ज्ञान कालव्यातून आलेलं होतं. "हे बगा मॅडम, हृदय म्हंजे धरण. त्याच्यातून निघतो मेन कालवा, मग चाऱ्या, मग पोटचाऱ्या. तेलकट खाल्लं, का गाळ बसला. चाललं नाय, का गाळ बसला. चिडलं, का..."

"गाळ बसला," मी म्हणायचे.

"नाय. चिडल्यावर गेट अडकतं. गाळ वेगळा, गेट वेगळं." विषय गंभीर असल्यामुळे हसायचं नाही, असं आम्ही नवरा-बायकोने आपापसात ठरवून घेतलं होतं.

नोकरीतली एकच हकिकत ते पुन्हा पुन्हा सांगत, आणि ती मात्र खरोखर ऐकण्यासारखी होती. कालव्याला पाणी सुटलं, म्हणजे आवर्तन सुरू झालं, की धरणाजवळचे, म्हणजे हेडचे शेतकरी, आधी आपापली रानं भिजवून घेतात. पाणी त्यांच्या बांधावरूनच जातं, ते कशाला थांबतील? शेवटच्या टोकाला, टेलला, जे कुणी असतील त्यांच्यापर्यंत काही पोचायच्या आत कालवा आटतो. म्हणून नियम असा की पाणी आधी टेलला न्यायचं आणि तिथून भिजवत भिजवत वर यायचं. टेल टू हेड. हा नियम माहीत सगळ्यांना होता, पण पाळायचा हट्ट नानांचा. एकदा उन्हाळ्यात हेडच्या एका बड्या बागाईतदाराने चारीचं दार परस्पर उचललं, तेव्हा नाना ते दार खाली पाडून दिवसभर त्याच्यावर बसून राहिले. बागाईतदाराने आधी शिव्या दिल्या, मग चहा पाठवला, मग वरून फोन आणवला. नाना भाकरी-ठेचा खात बसले होते ते टेलची रानं भिजल्यावरच उठले.

"टेलचा मानूस वरडत नाय, मॅडम," नाना सांगत. "त्याला वाटतं, आपल्या नशिबातच नाय. म्हनून आपुनच शेवटापत्तुर जाऊन बगायचं असतं." मग लगेच ते आमच्या ह्यांच्या ताटाकडे वळत आणि पापडावरून बोलू लागत.

निवृत्तीनंतर नानांनी 'हृदयमित्र मंडळ' काढलं. उद्देश एकच, म्हातारपणी हृदय दगा देणार नाही अशी आधीपासून तजवीज करायची. रोज पहाटे जॉगिंग ट्रॅकवर चालायचं, बीपी तपासायचं, मीठ-तेल तोडायचं. मंडळात सगळे निवृत्त पुरुष. चालायला यायचं म्हणून ते स्कूटर आणि गाड्या काढून येत. बोरस्ते सरांचं घर ट्रॅकच्या मागच्याच गल्लीत, पण तेही गाडी आणत, कारण चालून दमल्यावर घरी जायचं कसं? ट्रॅकच्या फाटकाशी नाना स्टूल टाकून बीपीचं मशीन मांडत. तिथे मनगट दिल्याशिवाय कुणालाही आत प्रवेश नव्हता. दूधवालासुद्धा मुकाट्याने कॅन खाली ठेवून बाही वर करत असे.

आणि रविवारी हेच हृदयमित्र मिसळ खायला जात. नाशिकमध्ये रविवारी सकाळी मिसळ नाही खाल्ली तर हृदयाचं जाऊ द्या, माणसाला जगल्यासारखंच वाटत नाही. नानांनी त्यावर शास्त्रीय तोडगा काढला होता. मिसळीचा दोष फक्त तर्रीत, बाकी सगळं कडधान्य. म्हणून वाटी पुढ्यात आली की ते चमच्याने लाल तर्री अलगद वरच्या वर काढत. इतक्या सफाईने काढत की शेजारच्या टेबलावरची माणसं बघत बसत. मग सगळ्या मंडळाच्या वाट्यांतली तर्री गोळा करून ती एका स्टीलच्या डब्यात भरत. "हॉटेलवाल्याला पैसे दिल्यात ना? मग तर्री काय म्हनून त्याला परत द्यायची?" तो डबा पिशवीत उभा ठेवून ते घरी आणत आणि ओट्यावर ठेवून देत. तिथे त्यांची जबाबदारी संपत असे.

ओट्यापाशी शकूवहिनी होत्या. वहिनी सटाण्याकडच्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, बोलताना सारख्या पदराला हात पुसणाऱ्या. नानांबरोबर आणि आमच्याबरोबर त्या नाशिकचं बोलत, पण माहेरी बहिणीला फोन लावला की त्यांची अहिराणी अशी धबधबून वाहे की जिन्यात थांबून ऐकावंसं वाटे. नानांच्या हृदयाचा सगळा कारभार त्यांच्या ओट्यावरून चाले. दुधीचा रस, अर्जुनाच्या सालीचा काढा, सोललेले बदाम, चेचलेला लसूण हे सगळं नाना चालायला निघण्याच्या आत तयार असे. मग नानांचा स्वयंपाक वेगळा, बिनतेलाचा आणि बिनमिठाचा. मग आल्यागेल्याचा वेगळा. सगळ्यांचं आटोपलं की दुपारी कधीतरी वहिनी ओट्यापाशी उभ्याउभ्याच जेवत. नानांच्या दुधावरून काढलेली साय भाकरीवर घेत. नानांनी वर्ज्य केलेली शेव, लोणच्याचा खार, कालच्या भाजीचं तळाशी राहिलेलं तेल. आणि रविवारी डब्यातली तर्री. त्यात भाकरी कुस्करून त्या चवीने खात.

"वहिनी, अहो, हे किती तेल आहे!" मी एकदा म्हटलं.

"मग वाया कशाला घालवायचं? यांना चालत नाय."

त्या घरातून हृदयाच्या नावाखाली हद्दपार केलेलं सगळं तेल, मीठ आणि साय अशी घरातच राहिली होती. फक्त माणूस बदलला होता. नाना वाळके होत चालले होते आणि वहिनी भरत चालल्या होत्या, आणि सोसायटीतल्या बायका म्हणत, डेर्लेवहिनींची तब्येत कशी छान आहे.

"तुम्ही पण या की चालायला," मी त्यांना म्हणायचे.

"मी काय घरात बसलेली असते का? दिवसभर चालतेच. आन मी आले तर यांचा काढा कोण उकळील?" आमच्या ह्यांच्या चालण्याची तयारीही मीच करत होते.

मंडळाचा वाढदिवस नाना दरवर्षी व्याख्यानाने साजरा करत. एका वर्षी त्यांनी शहरातल्या एका हृदयाच्या डॉक्टरांना बोलावलं. सोसायटीच्या हॉलबाहेर बॅनर लागला. त्यावर एक लाल हृदय होतं आणि त्याच्या दुप्पट मोठा नानांचा फोटो. आत खुर्च्यांवर मंडळातले पुरुष आणि मागच्या खोलीत आम्ही बायका. व्याख्यानानंतर अल्पोपाहार ठेवला होता, बटाटेवडे आणि जिलबी. त्याशिवाय हृदयावरच्या व्याख्यानाला कोण येणार? वड्यांचा घाणा वहिनींकडे होता. डॉक्टरांनी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नेमकी तेव्हा सांगितली. पाळी गेल्यानंतर बायकांच्या हृदयालाही पुरुषांइतकाच धोका संभवतो, आणि त्यांच्या छातीत दरवेळी कळ येतेच असं नाही. कधी नुसता थकवा येतो, दम लागतो, पाठ किंवा जबडा दुखतो, मळमळतं, घाम फुटतो. बायका त्याला पित्त म्हणतात आणि घरी बसतात. हॉलमध्ये पुरुषांनी माना डोलावल्या. मागच्या खोलीत वहिनी झाऱ्याने वडे उलटत होत्या आणि तेलाच्या चुरचुरीत त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

नानांना ते वाक्य इतकं आवडलं की पुढे कितीतरी दिवस ते भेटेल त्याला ऐकवत. व्हॉट्सॲपवरही टाकलं, खाली तीन लाल हृदयं. वॉचमनला अडवून सांगितलं, "तुमच्या मिशेसला सांगा, जबडा दुखला तरी अंगावर काढायचं नाय." मला तर जिन्यात दोनदा ऐकवलं. त्यांच्या स्वतःच्या दारातून आत मात्र ते वाक्य गेलं नाही. त्या घराचं हृदय म्हणजे नानांचं हृदय, आणि त्याची काळजी घ्यायला वहिनी होत्या. त्यामुळे तिकडचा प्रश्न मिटलेलाच होता.

मग वहिनी जिन्यात मधल्या पायरीवर थांबू लागल्या. पिशवी टेकवत, कठड्याला धरत आणि मी आले की उगाच कुंडीतल्या तुळशीची चौकशी करत. फोनवर बहिणीला सांगताना मी ऐकलं, "काही नई वं, पित्त शे." एकदा म्हणाल्या, दाढ ठणकते, पार जबड्यापर्यंत. नानांनी त्यांना दंतवैद्याकडे पाठवलं. दंतवैद्याने दाढ चांगली असल्याचं सांगितलं, तेव्हा नानांनी दंतवैद्य बदलला. मी म्हटलं, "वहिनी, तुमचं बीपी एकदा बघून घ्या." त्या घाबरल्यासारख्या झाल्या. "यांना सांगू नका हो. लेक्चर देत्याल. आन मला काय होतंय?" मी नानांना सांगितलं. नाना हसले. "तिला? ती कधी आजारीच पडत नाय. माझ्यापेक्षा दणकट हाय."

डिसेंबरातली सकाळ होती. नाशिकची थंडी ज्याने अंगावर घेतली आहे त्याला मी वेगळं सांगायला नको. ट्रॅकच्या फाटकाशी सगळे माकडटोप्यांत. नाना स्टुलावर, समोर आमचे हे, बाही वर केलेली. मी त्या दिवशी ह्यांच्याबरोबर आले होते. वहिनी रस्त्याने येताना दिसल्या. नाना काढ्याचा थर्मास घरी विसरले होते आणि तो द्यायला त्या भरभर चालत आल्या होत्या. शाल नाही, स्वेटर नाही, आणि कपाळावर घामाचे थेंब. फाटकाजवळच्या कट्ट्यावर त्या बसल्या. थर्मास मांडीवर, एक हात जबड्याला.

"अहो," त्या म्हणाल्या.

नानांचे डोळे मिटलेले. बोटं आमच्या ह्यांच्या मनगटावर. "थांब. मोजतोय."

वहिनी थांबल्या. त्यांना थांबायची सवय होती. मला ते बघवेना. मी पुढे झाले, आमच्या ह्यांचा हात नानांच्या बोटांतून ओढून काढला आणि वहिनींचा हात त्या जागी ठेवला. "नाना, तो सोडा. हा बघा."

"तिला काय झालंय..." नाना सवयीने म्हणू लागले. नंतर कुणीतरी म्हणालं, नानांनी वहिनींची नाडी बघितलेली आम्ही तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. डोळे मिटायचं ते विसरले. वहिनींचा हात गार होता आणि घामाने ओला. सगळ्या इंदिरानगरला ज्या तोऱ्यात ते निकाल ऐकवत तो तोरा चेहऱ्यावरून पुसून गेला. चारी नाही, गाळ नाही, गेट नाही. ते एवढंच म्हणाले, "गाडी."

चालायला गाडी घेऊन येणाऱ्या बोरस्ते सरांची मी आजवर पुष्कळ टिंगल केली आहे. त्या दिवशी त्यांची गाडी फाटकाशीच उभी होती म्हणून वहिनी वेळेवर पोचल्या. त्यानंतर मी ती टिंगल बंद केली.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर भराभर प्रश्न विचारत होते. यांना बीपी कधीपासून आहे? शुगर आहे का? कोलेस्टेरॉल शेवटचं कधी तपासलं? कुठली गोळी चालू आहे? नाना प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे बघत. या माणसाला बोरस्ते सरांची शुगर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची, दोन्ही तोंडपाठ होत्या. आमच्या ह्यांचं कोलेस्टेरॉल ते लग्नकार्यात चारचौघांत सांगत. बायकोबद्दल त्यांना एवढंच सांगता आलं, "पित्त हाय म्हनायची." डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वर्षानुवर्षं चढलेला असणार, कुणी मोजलाच नाही. मग वहिनींना आत नेलं. बंद पडलेली रक्तवाहिनी उघडून तिच्यात स्टेंट बसवायचा होता.

बाहेरच्या बाकावर नाना थर्मास मांडीवर घेऊन बसले. मला त्यांचा इतका राग आला होता की शेजारी बसायचीही इच्छा नव्हती. पण त्यांच्या मांडीवरच्या थर्मासचं झाकण सारखं वाजत होतं, म्हणून मी बसले.

"मॅडम," ते म्हणाले, "ती अहो म्हनली ना मला?"

"म्हणाल्या."

"मी म्हनलो, थांब." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "सगळी नोकरी टेल टू हेड करत वरडलो. लोकांसाठी चारीच्या दारावर जाऊन बसलो. आन माझ्याच घरात, सगळं पाणी मीच... ती शेवटाला हुबी राहून खायची, मॅडम. मी कधी मागं वळून बगितलंच नाय." आणि हा एवढा उंच माणूस हॉस्पिटलच्या बाकावर लहान पोरासारखा रडला. माझा राग तेव्हा गेला, असं म्हणणं खोटं होईल. पण मीही रडले.

वहिनी वाचल्या. घरी आल्या त्या गोळ्या, पथ्य आणि रोज थोडं चालायचं अशा सूचना घेऊन. गोळ्या खाल्ल्यावर घ्यायच्या, आणि जेवण वेळेवर. नानांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, की या घरात आता टेल टू हेड. आधी शकूचं ताट, मग माझं. वाटलं होतं तितकं ते सोपं नव्हतं. वहिनींना घासच जाईना. जन्मभरात नवऱ्याआधी कधी जेवल्या नव्हत्या, त्या ताट पुढ्यात घेऊन नवरीसारख्या खाली मान घालून बसत. "तुम्ही बसल्याबिगर मला गिळत नाय हो." नाना म्हणत, "गिळ. आवर्तन चालू हाय." शेवटी त्यांनी तोड काढली. ते रिकामं ताट पुढ्यात घेऊन समोर बसत आणि खोटाखोटा घास तोंडाकडे नेत. दारातून मी ते एकदा पाहिलं. रिकाम्या ताटावर हा म्हातारा इतकं मन लावून जेवत होता की वहिनींना हसू आवरेना, आणि हसता हसता त्या अर्धी भाकरी खाऊन गेल्या.

भाजी नाना स्वतः करायला शिकले. ती भाजी मी चाखली आहे आणि तिच्याबद्दल जास्त काही लिहीत नाही. बिनमिठाचं इतकी वर्षं आपण आपल्या निग्रहाने खातो असं त्यांना वाटत असे, पण वहिनी त्यात जिरं, लिंबू, ओलं खोबरं, कोथिंबीर असलं काय काय घालून ते गोड करून देत, हे तेव्हा त्यांना कळलं. साय आता घरात येतच नव्हती, दूधच बिनसायीचं आणत. आणि रविवारचा तो स्टीलचा डबा त्यांनी भंगारवाल्याला देऊन टाकला. चांगला डबा होता, वहिनी आठवडाभर हळहळत होत्या.

मंडळाची पुढची सभा नानांनी दोन मिनिटांत उरकली. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण. "उद्या सकाळी फाटकाशी हात दाखवायला बायकांना आणा. नुसते तुम्ही आलात तर मशीन काढनार नाय." हृदयमित्रांत नाराजी पसरली. बोरस्ते सरांनी विचारलं, "नाना, मंडळाच्या घटनेत हे बसतं का?" नाना म्हणाले, "तुमची घटना मग बगू, सर. आधी बाईंचा हात."

दुसऱ्या दिवशी फाटकाशी बायकांची रांग लागली. कुणी गाऊनवर शाल घेऊन, कुणी कणकेचे हात तसेच. नवरे मागे, पिशव्या सांभाळत. मशीनवर एकेकीचे आकडे चढलेले दिसू लागले तेव्हा मागचे हृदयमित्र पिशव्या खाली ठेवून पुढे सरकले. नवऱ्यांच्या गोळ्या वेळेवर देणाऱ्या किती जणींना स्वतःला गोळीची गरज होती ते तिथे दिसलं. त्या रांगेत माझंही मनगट होतं. नानांनी माझ्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं आणि आमच्या ह्यांना हाक मारली, "सायेब, मॅडमला आजच डॉक्टरकडं न्या. तूप तुमचं बंद केलं होतं, यांचं करायचं राहिलं." ती गोळी मी आजही घेते. त्यानंतर मंडळात बायका चालायला येऊ लागल्या आणि रविवारच्या मिसळीचं प्रमाण घटलं, याबद्दल काही सभासदांनी नानांना अजून माफ केलेलं नाही.

नाना रोज संध्याकाळी वहिनींना चालायला नेत. पूर्वी ते ताडताड पुढे जात आणि मागच्याला हाका मारत. आता वहिनींच्या मागे राहत आणि मधूनच त्यांचं मनगट धरत. वहिनी झटकत. "लोक बघतात."

"बगू दे. तपासतोय."

त्यांचं तपासणं बराच वेळ चाले.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. हृदयाने नाही, न्यूमोनियाने. हॉस्पिटलात डॉक्टर आम्हाला म्हणाले, "या वयातही हार्ट एकदम फर्स्ट क्लास आहे यांचं," आणि ऑक्सिजनच्या मास्कमागे नानांचा चेहरा असा खुलला की निम्मं दुखणं पळालं असं वाटावं. सलाईन बदलायला आलेल्या नर्सचंही त्यांनी मनगट धरलं. ती लाजली आणि उभी राहिली. शेवटी शेवटी त्यांना बोलायला त्रास होई. मी गेले की मास्क जरा बाजूला करून एकच विचारत, "शकू जेवली का?" मी हो म्हटलं की डोळे मिटत.

तेरावं सायखेड्याला झालं, चुलतभावाच्या घरी. अंगणात मांडव, गावातली आणि कालव्यावरची माणसं, टेलच्या वस्त्यांवरून आलेले कितीतरी शेतकरी. पानं मांडली गेली. चुलतभाऊ म्हणाले, "चला, आधी पुरुष मंडळी बसून घ्या." पुरुष ओळीने बसले. बायका नेहमीप्रमाणे मागे, पडवीत. वाढपी वरच्या टोकाला, मानाच्या मंडळींकडे वळला.

तेवढ्यात शकूवहिनी पडवीतून उठल्या. पांढरं पातळ, हातात गोळ्यांची पुडी. अंगण ओलांडून त्या आल्या आणि पुरुषांच्या ओळीत अगदी शेवटच्या पानावर बसल्या. मांडवात कुजबूज झाली. सटाण्याहून आलेली त्यांची बहीण धावत आली, वाकून कानाशी म्हणाली, "आक्का, ऊठ वं. लोक काय म्हनतीन?"

"म्हनू दे. मला जेवून गोळी घ्यायची हाय." वहिनींनी पान जवळ ओढलं. त्यांनी वरच्या टोकाच्या वाढप्याला हाक मारली. "ए बाळा, तिकडून नको. इकडं ये. आधी टेलला."

त्या ओळीत बसलेल्या प्रत्येकाला हा शब्द माहीत होता. कालव्याच्या पाण्यावर जगलेली माणसं ती. वाढप्याने चुलतभावाकडे पाहिलं. ते खाली बघत होते. टेलच्या वस्तीवरचा एक म्हातारा टोपी नीट करत म्हणाला, "जा रे. नानांचा नियम हाय."

वाढपी भाताचं पातेलं घेऊन ओळीच्या शेवटाला आला. वहिनींच्या पानावर त्याने भात वाढला, वरण वाढलं. मीठ वाढायला लागला तर त्यांनी हात आडवा केला. मग त्यांनी समोरच्या रिकाम्या जागेकडे क्षणभर पाहिलं आणि पहिला घास घेतला. सगळा मांडव थांबला होता. त्यांनी तो गिळला, तेव्हा वाढपी पातेलं उचलून वाढत वाढत वर गेला.